रोज जवळ बाळगायला लहान, न मिटणारी सुरी: कशी निवडावी?

आडवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं खिशात मिटणारा चाकू वागवतोय. कापायला तो कमी पडत नाही, पण खोकी उघडून उघडून टेपचा चिकटा आणि पुठ्ठ्याचा भुसा त्याच्या बिजागरीत जाऊन बसतो आणि पातं अर्ध्यातच अडतं. सारखं खोलून साफ करायचा कंटाळा आला. म्हणून आता एक छोटी फिक्स्ड ब्लेड घ्यावी असं डोक्यात आहे.

वापर म्हणाल तर खोकी, पॅकिंगच्या प्लास्टिक पट्ट्या, नायलॉनची दोरी, झिप टाय, कधी एखादं फळ. रानात भटकायला गेलो तर काठी तासणं. लाकूड फोडायचं नाही, शिकार करायची नाही. पातं आठ सेंटिमीटरच्या आत हवं, पट्ट्याला किंवा खिशात राहील असं.

वाचायला बसलो तर पोलादांच्या नावांनीच गरगरायला झालं. १०९५, डी२, १४सी२८एन, एस३५व्हीएन, मॅग्नाकट. जो तो आपलंच पोलाद भारी म्हणतो. तेव्हा जाणकारांनी प्रकाश टाकावा: पोलाद कुठलं, लांबी किती, आणि बाळगायची कशी?

टिवल्याबावल्या
जाणकारांच्या प्रतीक्षेत. (मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय, पोलादवाले आले की कळवा.)

गोणपाट
गोदामात काम करतो, त्यामुळे हा विषय रोजचाच. तुम्ही प्रश्न उलट्या टोकाकडून धरलाय. पोलाद सगळ्यात शेवटी ठरवा. आधी म्यान, मग मूठ, मग पात्याची जाडी. एवढं जमलं की पोलाद कुठलंही बरं चालतं. आणि यातलं एक जरी फसलं तर जगातलं महागडं पोलादही ड्रॉवरमध्ये पडून राहतं.

जाडीचं सांगतो, कारण लहान सुरीत लोक तिथेच गंडतात. पातं लहान म्हणजे त्याची उंचीही कमी, साधारण २० मि.मी. धरा. पाठ ४ मि.मी. जाड असेल आणि पातं पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरवलेलं असेल, तर दोन्ही बाजूंमधला कोन साडेअकरा अंशांच्या आसपास येतो. तेच पाठ २ मि.मी. असेल तर पावणेसहा. म्हणजे निम्मा. मोठ्या पात्यात उंची जास्त असते म्हणून जाडी खपून जाते, छोट्यात खपत नाही.

जाड पुठ्ठ्यात याचा फरक लगेच कळतो. पातळ पातं सरसर जातं. जाड पातं दोन-तीन सेंटिमीटर जातं, मग पुठ्ठा दोन्ही बाजूंनी त्याला आवळतो आणि पुढे कापला न जाता फाटत जातो. तुम्ही जोर वाढवता, आणि जोर वाढवलेला हात निसटला की कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. धार दोन्ही सुऱ्यांना सारखीच असली तरी हे होतं.

बाजारातली दोन ठळक टोकं पाहा. ईएसईई कंपनीची इझुला: पातं पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास, जाडी सुमारे ४ मि.मी. अत्यंत दणकट, आपत्तीत सोबत असावी अशा हिशोबाने केलेली. दुसरीकडे मोरा कंपनीची एल्ड्रिस: पातं ५९ मि.मी., जाडी २ मि.मी. दोन्ही चांगल्याच, पण तुमच्या कामाच्या यादीत दणकटपणा मागणारं एकही काम मला दिसत नाही. दोन ते तीन मि.मी.च्या वर जाऊ नका.

पोलादवेडा
आलो! (टिवल्याबावल्या, पॉपकॉर्न सांभाळा.)

गोणपाट यांच्या जाडीच्या मुद्द्याला +१. त्यात एक भर घालतो: पाठीच्या जाडीपेक्षाही धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे ते बघा. जिथे धारेचा उतार संपतो आणि पात्याचा सपाट भाग सुरू होतो, तिथलं माप. अर्ध्या मि.मी.च्या आत असेल तर छान, पाव मि.मी.च्या जवळ असेल तर फारच छान कापते. साधा डिजिटल कॅलिपर असला तर घरी मोजता येतं.

आता पोलाद. पोलाद शेवटी, हे अर्धंच मान्य! तीन गोष्टींची ओढाताण असते: धार किती टिकते, धक्क्याला पातं तुटतं का, आणि गंजतं का. तिन्ही एकदम पुरेपूर मिळत नाहीत.

१०९५ साधं कार्बन पोलाद. कार्बन ०.९५ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम जवळपास नाहीच. धार पटकन लागते, पण घामाने, फळाच्या रसाने डागाळतं. डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, तरीही त्याला गंज धरतो. कारण त्यात कार्बन दीड टक्का. हा कार्बन क्रोमियमचा मोठा हिस्सा कार्बाइड नावाच्या कठीण कणांमध्ये अडकवून टाकतो आणि गंज थोपवायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. उलट मॅग्नाकट बघा. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने ते बेतलं, २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के, म्हणजे कागदावर डी२ पेक्षा कमी. पण ते जवळजवळ सगळं मोकळं राहील असा हिशोब केलाय, त्यामुळे गंजाला ते डी२ पेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतं. तेव्हा नुसता क्रोमियमचा आकडा बघून 'स्टेनलेस' ठरवू नका.

१४सी२८एन मला तुमच्या कामाला फिट्ट वाटतं. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के, थोडा नायट्रोजन. गंजत नाही म्हटलं तरी चालेल, धक्का सोसतं, साध्या दगडावर धार लागते. पुठ्ठ्यावर एस३५व्हीएन किंवा मॅग्नाकट याच्यापेक्षा जास्त टिकतील, ते खरं. त्यांत व्हॅनेडियम असतं आणि व्हॅनेडियमचं कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण. म्हणून धार टिकते, आणि म्हणूनच लावताना हिऱ्याची प्लेट असलेली बरी.

आणि सगळ्यात मोठं: पाणी कसं दिलंय. तेच पोलाद एकाच्या हातात ५६ रॉकवेल (कठीणपणाचं माप) उतरतं, दुसऱ्याच्या हातात ६०-६१. नाव बघून भुलू नका, करणारा कोण ते बघा.

आडवाट
दोघांनाही धन्यवाद. क्रोमियमचं कोडं आत्ता सुटलं. पण गोणपाट, म्यान सगळ्यात आधी का? ते तर सुरीसोबत येतंच ना?

गोणपाट
येतं, आणि तिथेच बहुतेक कंपन्या हात आखडतात.

मिटणारा चाकू स्वतःचं म्यान स्वतःच असतो. इथे तसं नाही. दिवसातला बहुतेक वेळ सुरी म्यानातच असते आणि तुम्ही वागवता ते म्यानच. बसताना टोचतं, शर्ट वर सरकतो, गाडीत पट्ट्याखाली दाबलं जातं. आठवड्याभरात तुम्ही ती घरी ठेवायला लागता. सुरी वाईट म्हणून ठेवता का? नाही, म्यान बोचतं म्हणून.

बाळगायच्या पद्धतींबद्दल माझं मत, कोणाला पटो न पटो:

पट्ट्याला उभी लटकवणं सगळ्यात सोपं. पण खुर्चीत बसलं की खालचं टोक मांडीला किंवा सीटला भिडतं. आठ सेंटिमीटरच्या आतल्या सुरीला तितका त्रास नाही.

पट्ट्याला आडवी, बकलच्या थोडी बाजूला, मूठ उजव्या हाताकडे: मला हीच आवडते. शर्टाखाली झाकली जाते, बसता-उठता जाणवत नाही. पाठीच्या कण्यावर मात्र आडवी लावू नका. काही जण लावतात. पाठीवर पडलात तर मणक्याखाली एक कडक वस्तू, आणि ती आत सरकवताना डोळ्यांना काही दिसत नाही.

खिशात: म्यानाला क्लिप किंवा आकडा असा हवा की ओढताना म्यान खिशातच अडकून राहील आणि फक्त सुरी बाहेर येईल. म्यानासकट हातात आली तर दुसरा हात लागतो, मग उपयोग काय?

गळ्यात: नको. म्हणजे घालणारे घालतात, पण घातलीच तर ताण आला की सुटणारी साखळी हवी. फिरत्या यंत्राजवळ किंवा चढाउतरणीला पक्का दोर गळ्यात म्हणजे जिवाशी खेळ.

सुईदोरा
चामड्याची म्यानं शिवते, त्यामुळे इथे नाक खुपसते.

कायडेक्सचे फायदे मान्य आहेत. ते तापवून साच्यात दाबलेलं प्लास्टिक, त्यामुळे सुरीच्या अंगाबरोबर बसतं. मुठीच्या पुढच्या खाचेवर 'टक्' करून अडकतं, पाण्यात भिजलं तर धुऊन झटकलं की झालं. पण त्यात धूळ-वाळू गेली की ती तिथेच राहते आणि प्रत्येक वेळी पात्यावर रेघोट्या ओढते. आणि त्याचा आवाज! शांत खोलीत त्या 'टक्'ने चार माना वळतात.

चामडं अंगाला मऊ लागतं, बसताना थोडं नमतं, आवाज करत नाही. मात्र ते घेताना तीन गोष्टी बघा. एक, वनस्पतीच्या सालीने कमावलेलं चामडं आहे का. क्रोमने कमावलेलं मऊ पडतं, म्यानाला लागणारा ताठपणा त्यात येत नाही आणि त्यातल्या क्षारांनी पात्याला डाग पडू शकतात. दोन, धारेच्या बाजूने दोन थरांमध्ये चामड्याची एक जादा पट्टी शिवलेली असते, वेल्ट म्हणतात तिला. ती नसेल तर धार थेट टाक्यांवर येते आणि थोड्या दिवसांत दोरा कापते. म्यानाच्या कडेकडे पाहा: तीन थर दिसले पाहिजेत, दोन नाही. तीन, शिलाई. हातशिलाईत एकाच दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया असतात आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून आरपार जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिलाईत दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात, एक तुटला की उसवत जायची भीती जास्त.

आणि हो, चामड्यात सुरी ठेवून महिनोन् महिने कपाटात टाकू नका. चामडं ओल धरतं. रोज वापरात असेल तर फरक पडत नाही. ठेवायची असेल तर म्यान वेगळं, सुरी वेगळी.

पोलादवेडा
सुईदोरा, फार उपयोगी प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली).

नुसतीचवाचक
एरवी फक्त वाचते, पण विचारते: मूठ कशी असावी? माझा हात लहान आहे आणि बहुतेक सुऱ्यांच्या मुठी एक तर बोटभर नाही तर दंडुका.

गोणपाट
चारही बोटं बसली पाहिजेत असा हट्ट बरेच जण धरतात. लहान सुरीत साडेतीन बोटं बसली तरी चालतं, करंगळी मागे टेकली की झालं. मोजायचं असेल तर मूठ आवळून चार बोटांची रुंदी मोजा, मोठ्या माणसाची बहुधा आठ-नऊ सेंटिमीटर भरते. वर म्हटलेल्या एल्ड्रिसची मूठ साडेआठच्या आसपास आहे, पण जाडजूड, म्हणून भरल्यासारखी वाटते. लांबीइतकाच गोलावा महत्त्वाचा.

नुसत्या पोलादाच्या सांगाड्याला दोरी गुंडाळलेल्या मुठी दिसायला झकास. ओल्या झाल्या की दोरी पाणी पिऊन बसते, फळाचा रस, माती, घाम सगळं त्यात मुरतं. आणि दोरी काढून वापराल तर पोलादाची कड तळहातात रुतते. पाच मिनिटं जोराने काठी तासा, तर्जनीच्या बुडाशी लाल रेघ उमटली तर ती मूठ तुमची नाही.

मायकार्टा की जी१० हे विचाराल तर: जी१० काचतंतू आणि इपॉक्सीचं, फार टणक, पाणी अजिबात न पिणारं. पण गुळगुळीत घासलेलं असेल तर ओल्या हातात सरकतं, आणि खडबडीत असेल तर खिशाचं अस्तर खातं. कॅनव्हास मायकार्टा म्हणजे कापड आणि राळ यांचे थर. ओलं झालं की उलट जास्त धरून राहतं. मी मायकार्टा घेईन.

आणि पुढे बोट अडवायला काहीतरी हवंच. छोटासा उंचवटा, खाच, काहीही. घट्ट प्लास्टिकच्या पाकिटात टोक खुपसलं आणि ते अडलं, की हात पुढे सरकतो. पुढे फक्त धार आहे.

टिवल्याबावल्या
आणि पात्याचा आकार? मला ते समुराई टोकवालं आवडतं. 😎

गोणपाट
आवडू दे, पण खोक्याला त्याचा उपयोग शून्य.

ह.घ्या. (हलके घ्या.) आकारात मी दोनच पर्याय धरतो. एक ड्रॉप पॉइंट: पाठ हळूच खाली उतरते, धारेला थोडं पोट असतं, टोक मध्यावर. फळ, लाकूड, दोरी सगळ्याला चालतं. दुसरा शीपफूट किंवा व्हार्नक्लिफ: धार सरळ रेषेत, पाठ वाकून टोकाशी येते. ओढून कापायला हा भारी, कारण सरळ धारेमुळे जोर टोकापर्यंत टिकतो. आणि टोक खालीच असल्याने खोक्याच्या आतला माल कमी चिरला जातो. दिवसभर खोकी असतील तर व्हार्नक्लिफ, बाकी सगळ्याला ड्रॉप पॉइंट.

दोन्ही बाजूंनी धार असलेलं काहीही घेऊ नका. कामाला अंगठा टेकवायला पाठ उरत नाही आणि बऱ्याच देशांत ते सरळ शस्त्रात मोडतं.

कलमबहाद्दर
बरं झालं शेवटचं वाक्य आलं. इतक्या प्रतिसादांत कायद्याचं कोणीच बोललं नाही.

धागाकर्ते कुठे राहतात माहीत नाही, आणि इथे वाचणारे जगभर पसरलेत, म्हणून एवढंच: आपल्या गावचा नियम स्वतः वाचा. 'आठ सेंटिमीटरच्या आत म्हणजे चालतं' हे सरसकट खरं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९ प्रमाणे विनाकारण बाळगता येतो तो फक्त मिटणारा, लॉक न होणारा आणि तीन इंचांपर्यंत धारेचा चाकू. फिक्स्ड ब्लेड कितीही छोटी असली तरी सार्वजनिक जागी बाळगायला सबळ कारण लागतं. जर्मनीत न मिटणाऱ्या पात्याला १२ सेंटिमीटरची मर्यादा आहे, आणि २०२४ मध्ये सार्वजनिक कार्यक्रम आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी नियम आणखी आवळले गेले. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक, काही ठिकाणी शहराशहरांत. दोन शेजारी देशांत एकाच सुरीचा दर्जा वेगळा असू शकतो.

विमानात केबिनच्या बॅगेत नाहीच. चेक-इनमध्ये टाकाल तेव्हा म्यानात घालून, वरून गुंडाळून, म्हणजे तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. शाळा, न्यायालयं, स्टेडियम, सरकारी इमारती: घरी ठेवून जा.

रातकिडा
एक शंका. रात्री उशिरा कामावरून परततो. स्वसंरक्षणाला अशी छोटी सुरी कितपत उपयोगी? लगेच काढता येईल असं म्यान कुठलं?

कलमबहाद्दर
उपयोगी नाही, आणि हे स्पष्टच सांगतो. कारण विचारल्यावर 'स्वसंरक्षण' असं उत्तर दिलंत की अनेक देशांत तुमच्या हातातलं अवजार त्या क्षणी शस्त्र होतं. ब्रिटनमध्ये ते सहसा सबळ कारण धरलं जात नाही. कायदा बाजूला ठेवला तरी झटापटीत सुरी असणाऱ्याचेच हात कापले जाऊ शकतात. उजेडाचा रस्ता, सोबत, फोन, चांगला टॉर्च, लांब पळता येतील असे बूट.

गोणपाट
शंभर टक्के सहमत. या धाग्यावर तो विषय नको, ही विनंती.

रातकिडा
ठीक. टॉर्चचं वेगळ्या धाग्यावर विचारतो.

निसणा
उशिरा आलो. धारेबद्दल लिहितो, कारण लहान सुरी घेताना धार लावता येईल का हे कोणी तपासत नाही.

सुरी हातात घेऊन धारेची मुठीकडची टाच बघा. बऱ्याच लहान सुऱ्यांत धार मुठीच्या किंवा बोट अडवणाऱ्या उंचवट्याच्या इतकी जवळ नेलेली असते की दगड तिथे पोचतच नाही. मग टाचेजवळचा थोडा भाग बोथट राहतो, बाकीची धार वर्षानुवर्षं झिजत जाते आणि तिथे एक गाठ उरते. काठी तासताना नेमका तोच भाग लागतो, कारण जोर तिथे जास्त मिळतो. धारेच्या सुरुवातीला छोटी अर्धगोल खाच असेल तर धार टाचेपर्यंत पूर्ण लावता येते. ती बघून घ्या.

कोन एका बाजूला १७ ते २० अंश ठेवा. तो कसा धरायचा हे नवशिक्यांना छळतं, त्यावर सोपा उपाय: धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रंग लावा, दगडावर दोन-तीन हलके हात फिरवा आणि बघा. रंग फक्त वरच्या कडेचा गेला तर पाठ थोडी उचला. फक्त धारेशी गेला तर पाठ खाली घ्या. पूर्ण उतारावरचा रंग गेला की कोन सापडला. मग एका बाजूने तोवर घासा, जोवर दुसऱ्या बाजूला बर (धारेवर उठणारी पोलादाची बारीक मुडप) उठत नाही. बोट धारेवरून नाही, पाठीकडून धारेकडे, आडवं नेऊन तपासायचं. बारीक खरखर लागते. ती टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मग बाजू बदला. शेवटी अगदी हलक्या हाताने बर काढा आणि चामड्यावर हिरवी पेस्ट लावून चार-पाच वेळा मागे ओढा.

तुमच्या कामाला आरशासारखी चकचकीत धार नको. ४०० ते ६०० ग्रिटवर (दगडाच्या बारीकपणाचा आकडा) थांबून बर नीट काढली की ती थोडी दातेरी धार नायलॉनच्या दोरीला आणि पुठ्ठ्याला जास्त चावते. ३००० वर घासलेली सुरी कागद सुंदर कापते आणि दोरीवरून घसरते.

पोलादवेडा
दातेरी धारेला जोरदार अनुमोदन. फोटोसाठी पॉलिश, कामासाठी ६००.

आडवाट
सगळं वाचून काढलं. तर आता यादी अशी झालीय: पातं सात सेंटिमीटरच्या आसपास, जाडी अडीच मि.मी., पूर्ण सपाट उतार, ड्रॉप पॉइंट, १४सी२८एन किंवा त्याच घरातलं काही. मूठ कॅनव्हास मायकार्टा, चार बोटं बसतील अशी. म्यान कायडेक्स, आडवं. इथला नियमही वाचला. कामाच्या वेळी चालतं, इतर वेळी घरी राहील.

दोन गोष्टी उरल्या. एक, १०९५ सारखं कार्बन पोलाद अगदीच बाद का? लोक त्यावर इतका जीव टाकतात. दोन, आडव्या म्यानात सुरी परत घालताना भीती वाटते.

पोलादवेडा
बाद नाही. पण तुम्ही ती कमरेला, अंगाला चिकटून वागवणार. घाम खारट, आणि कायडेक्समध्ये हवा खेळत नाही. कार्बन पोलादाला हे मानवत नाही. इझुलावर म्हणूनच पावडरचा लेप असतो, पण धारेवर लेप नसतोच, आणि त्या लेपाला टेपचा चिकटा फार प्रेमाने चिकटतो. कार्बन पोलादावर राखाडी-निळी झाक चढू दिली तर गंज थोडा मंदावतो, थांबत नाही. रोज पुसून तेलाचं बोट फिरवायची हौस असेल तर जरूर घ्या. तुमच्या पहिल्या प्रतिसादात कंटाळा हा शब्द होता, म्हणून मी स्टेनलेस म्हणतोय.

सुईदोरा
आणि मी अजूनही चामडंच म्हणेन, पण जाऊ दे.

गोणपाट
परत घालण्याबद्दल. माझ्या पाहण्यात कापून घेणारे बहुतेक जण सुरी काढताना नाही, परत घालताना कापून घेतात. काम झालेलं असतं, लक्ष पुढच्या खोक्याकडे, आणि डावा हात सवयीने म्यानाचं तोंड चाचपायला जातो.

करायचं असं: थांबायचं, खाली बघायचं. डावा हात म्यानाला लावायचाच असेल तर मागच्या बाजूने, तोंडाजवळ नाही. पात्याची पाठ म्यानाच्या तोंडाच्या कडेला टेकवायची, धार नाही. पाठ कडेवरून घासत टोक आत शिरेपर्यंत मागे आणायची, मग सरळ आत. शेवटी अंगठ्याने मुठीवर दाबून 'टक्' ऐकायचं. आवाज आला नाही तर सुरी बसलेली नाही, सोडू नका. आडव्या म्यानात तोंड डोळ्यांना नीट दिसत नसेल तर म्यान पट्ट्यावरून थोडं पुढे सरकवा. दिसत नाही तिथे पातं घालायचं नाही.

काढतानाही ओढून उपटू नका. अंगठा म्यानाच्या कडेवर टेकवून ढकला, पकड सुटली की मग बाहेर. उपटलेली सुरी एकदम सुटते आणि हात भलतीकडे जातो.

नुसतीचवाचक
हे माझ्यासाठी सोन्यासारखं. एक विचारू? पकड पुरेशी आहे हे नवीन म्यानात कसं तपासायचं?

गोणपाट
सुरी म्यानात घालून, जाड घडी घातलेल्या पांघरुणावर उलटी धरा, मूठ खाली. आधी नुसतंच, मग झटका देऊन. पाय आणि दुसरा हात लांब. पडता कामा नये. मग बघा, एका हाताने अंगठा ढकलून सहज निघते का. दोन्ही जमलं तर म्यान पास.

कायडेक्सची पकड काळाने बदलते. कडेला स्क्रू आणि मध्ये रबराचे वॉशर असतील तर घट्ट-सैल करता येतं. स्क्रू कंपनाने ढिले होतात, म्हणून निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब. लाल नको, तो सहज निघत नाही. आणि म्यान उन्हात बंद गाडीच्या काचेमागे ठेवू नका. तापलं की आकार सोडायला लागतं.

निसणा
टेपच्या चिकट्यासाठी: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पाठीकडून धारेकडे, कापड घडी करून. खरवडायला दुसरं पातं वापरू नका. कायडेक्समध्ये भुसा साठला तर कोमट पाण्याचा फवारा मारा आणि तोंड खाली करून रात्रभर वाळू द्या. सुरी तोवर बाहेर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी.

आडवाट
झाली ऑर्डर. कायडेक्सची आणि, सुईदोरा यांच्यासाठी, एक चामड्याच्या म्यानाची चौकशीही टाकली आहे. डावखुऱ्या सहकाऱ्यालाही हीच सुरी हवी आहे. त्याला वेगळं म्यान लागेल ना?

सुईदोरा
आडव्याला हो. उजव्या हाताचं आडवं म्यान डावीकडे वळवलं तर एक तर धार वर येते, नाहीतर पट्ट्याचा लूप बाहेरच्या बाजूला. ऑर्डर देताना 'डावखुरा, आडवं, धार खाली' असं तीनही शब्दांत लिहायला सांगा. कायडेक्समध्ये दोन्ही कडांना सारखी भोकं असतील तर क्लिप फिरवून निभावतं.